माळावरच्या झोपड्या : प्लेगच्या काळातील पुणे, कोल्हापूर आणि कोकण

२०२१ च्या पावसाळ्यातील गोष्ट. राज्याच्या बऱ्याच भागांत कोरोनाची दुसरी लाट ओसरू लागली होती. कोल्हापूर जिल्ह्यात मात्र रुग्णांचे आकडे खाली यावयास तयार नव्हते. अशा दिवसांत पंचगंगेच्या काठच्या एका गावी एका वृद्ध आजींची विचारपूस करण्यास आम्ही गेलो होतो. अंगणात चार हात अंतर राखून, तोंडाला फडके बांधून बसलो. बोलता बोलता आजी म्हणाल्या, "आमची सासू सांगायची, घरात उंदीर पडला की चूल इझवायची, कुलूप लावायचं अन् माळाला जायाचं. आता तुमी उलटंच सांगताया, फादर, घरात बसा म्हणून."

आम्ही हसलो, पण ते वाक्य मनातून गेले नाही. आजींच्या सासूबाईंनी सांगितलेला प्लेग हा आपल्या घराघरांतून, एका पिढीने दुसरीच्या कानात सांगितलेला इतिहास आहे. सेमिनरीत ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या तासाला चौदाव्या शतकातील युरोपच्या काळ्या मृत्यूचे वर्णन आम्ही पाठ केले होते. शंभर वर्षांपूर्वी कोल्हापूर, मिरज, बेळगावच्या गल्ल्या ओस पाडणाऱ्या प्लेगविषयी मात्र आम्हांस कोणी शिकविले नाही आणि आम्हीही कोणास विचारले नाही. त्या आजींच्या अंगणातून परतल्यावर या विषयावर जे वाचता आले ते वाचले, आणि त्यातून एक प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. रोग एक, वर्षे जवळजवळ तीच, माणसेही एकाच भाषेची आणि एकाच आचाराची. असे असता पुण्यात एक घडले, कोल्हापुरात दुसरे आणि घाट उतरून कोकणात गेले की तिसरेच, हे कसे?

आरंभ मुंबईपासून करावा लागतो. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात एका रुग्णास तपासताना डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग होय, असे निदान केले. व्हिएगस हे गोव्याच्या हडफडे गावचे. मुंबईत वैद्यकी करणारे आणि नगरपालिकेत लोकांचे प्रतिनिधी म्हणून बसणारे गृहस्थ. शहराच्या व्यापाराला बट्टा लागेल या भीतीने अनेकांना हे निदान नकोसे होते. पण महिन्यादोनमहिन्यांत मुंबईच्या रस्त्यांनीच त्याचा खरेपणा सिद्ध केला. १८९७ च्या आरंभापर्यंत शहरातील जवळजवळ निम्मे लोक गाव सोडून गेले. वांद्रे, गिरगाव या भागांतील आपल्या बांधवांच्या वस्त्यांत जे जुने क्रूस रस्त्याच्या कडेला दिसतात, त्यांतील कित्येक याच वर्षांत उभारलेले आहेत. त्यांवरील साल वाचल्याखेरीज पुढे जाऊ नये.

पळणारा माणूस गाडीने पळाला आणि त्याच्याबरोबर त्याची बोचकी, धान्याची पोती आणि पोत्यांतील उंदीरही गेले. पुण्यास प्लेग त्याच हिवाळ्यात पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोगांचा कायदा संमत केला. हा कायदा अवघ्या चार कलमांचा, पण त्याने अधिकाऱ्याच्या हाती दिलेली सत्ता मोठी होती. घरात शिरावे, माणसास उचलून न्यावे, सामान जाळावे, प्रवास थांबवावा; या सर्वास एका हुकमाचा आधार पुरे होता.

पुण्यात या कायद्याची अंमलबजावणी वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीकडे आली. मार्चपासून मेपर्यंत सैनिकांच्या तुकड्या घराघरांची झडती घेत फिरल्या. देवघरात बुटांसह शिरणे, स्त्रियांची चारचौघांत तपासणी करणे, भांडीकुंडी रस्त्यावर फेकणे अशा तक्रारी त्या वेळच्या वृत्तपत्रांत भरलेल्या आहेत. सरकारी बाजू अशी की, काम शिस्तीने चालले होते आणि सैनिकांना सौम्यतेच्या सूचना होत्या. या दोन्हींत सत्य कोठे होते याचा निवाडा करणे कठीण नाही, कारण सरकारशी वैर नसलेली एक साक्ष उपलब्ध आहे. पंडिता रमाबाईंनी १८९७ च्या मे महिन्यात मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात पत्र लिहून पुण्यातील प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांच्या वाट्यास काय येते ते जाहीरपणे मांडले. ज्या बाईवर स्वकीयांनी परधर्मात गेल्याचा ठपका ठेवला होता, तीच परकीय सरकारला स्वकीय स्त्रियांच्या बाजूने जाब विचारीत होती. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्लंडमध्ये असेच आरोप केले. परत आल्यावर पुरावा उभा करता न आल्याने त्यांना जाहीर क्षमा मागावी लागली. पुरावा उभा राहणार कसा? ज्या घरची अब्रू गेली ते घर साक्षीस येत नाही, हे आम्हांसारख्या कबुलीजबाब ऐकणाऱ्या माणसास वेगळे सांगावयास नको.

२२ जून १८९७ च्या रात्री, राणी व्हिक्टोरियाच्या हीरकमहोत्सवाच्या समारंभाहून परतताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले. रँड ३ जुलैला मरण पावले. यापुढील कथा, म्हणजे चापेकरांची फाशी आणि टिळकांची राजद्रोहाची शिक्षा, मराठी वाचकास ठाऊक आहे. आपण मात्र प्लेगकडेच पाहू. कारण शाळेच्या पुस्तकांत रँडचा खून उरला आणि प्लेग मागे पडला.

त्या वेळी पुण्यात आणखी काय चालले होते? हडपसरजवळ माळावर डॉ. यशवंत फुले यांनी रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. तेथे रुग्णांना आणता आणता सावित्रीबाई फुले यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. रमाबाईंनी दुष्काळातून सोडवून आणलेल्या मुलींना प्लेगच्या नियमांमुळे शहरात ठेवता येईना, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेण्यात आले. पुढचे मुक्तिसदन तेथेच उभे राहिले. या दोन्ही हकीकतींत माळ आहे, मोकळी जागा आहे. आजींच्या सासूबाईंनाही तोच उपाय ठाऊक होता.

तो उपाय खरा का होता, हे त्या वेळी डॉक्टरांनाही पुरते ठाऊक नव्हते. प्लेगचा जंतू अलेक्झांद्र येर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँग येथे शोधला होता. पण तो माणसापर्यंत येतो कसा? हवेतून, घाणीतून की जमिनीतून, यावर वाद चालू होता. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने प्रयोगाने दाखविले की, मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू हे खरे वाहन आहे. त्याचे म्हणणे कित्येक वर्षे कोणी मनावर घेतले नाही. मुंबईत संशोधकांनी पुन्हा प्रयोग करून ते मान्य केले तोवर १९०५ साल उलटून गेले होते. म्हणजे १८९७ साली पुण्यात ज्या सैनिकांनी भिंतींवर कार्बोलिक फवारले, कौले काढून घरात ऊन आणले, चिंध्या जाळल्या, ते सारे एका चुकीच्या शत्रूशी लढत होते. घर खणले की उंदीर शेजारच्या घरात जाणार, आणि पिसू त्याच्याबरोबर जाणार. खेड्यातील बाईने मात्र घरात उंदीर पडला हीच खूण धरली होती. तिला पिसवेचे ज्ञान नव्हते. उंदीर मेला की त्याच्या थंड अंगावरून उठलेली पिसू घरातील माणसाकडे वळते आणि दहा-पंधरा दिवसांत घरात माणूस आजारी पडतो, एवढा क्रम पिढीच्या अनुभवाने तिच्या ध्यानात आला होता. ज्ञान नसताना आचरण बरोबर होते.

आता कोल्हापुराकडे वळू. आजचा जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढून काढून टाकला पाहिजे. त्या काळी या टापूत कोल्हापूरचे राज्य होते. त्याच्या पोटात विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी अशा जहागिरी होत्या. शेजारी सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी ही पटवर्धनांची संस्थाने, आणि मध्ये मध्ये बेळगाव व सातारा जिल्ह्यांचा ब्रिटिश मुलूख. माणूस सकाळी घरून निघाला तर दुपारपर्यंत तीन सरकारांच्या हद्दी ओलांडीत असे. एका हद्दीत झडती, दुसरीत सक्तीची छावणी, तिसरीत काहीच नाही. १८९१ पासून कोल्हापूर मिरजेशी लोहमार्गाने जोडले गेले होते, आणि मिरज पुण्याशी. गूळ आणि धान्य जाण्यायेण्याचा हाच मार्ग. प्लेगलाही दुसरा मार्ग शोधावा लागला नाही.

गादीवर शाहू छत्रपती होते. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला तेव्हा ते वीस वर्षांचेही नव्हते. दोनच वर्षांत १८९६-९७ चा दुष्काळ आला. स्वस्त धान्याची दुकाने, जनावरांसाठी चारा, कामे काढणे या गोष्टींत तरुण राजाने स्वतः हिंडून लक्ष घातल्याचे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. दुष्काळाचे पाणी ओसरते न ओसरते तोच प्लेग दारात आला. शहरात त्याने जम बसविला तो पुण्याच्या नंतर, शतक संपता संपता. हा उशीर कोल्हापूरच्या पथ्यावर पडला, असे आमचे मत आहे. तोवर पुण्याचा अनर्थ घडून गेला होता, १८९८ मध्ये मुंबईत आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे दंगे उसळले होते, आणि खुद्द ब्रिटिश सरकारनेही झडत्यांची धार बोथट करून लोकांना घराबाहेर काढणे आणि खुशीने लस टोचणे या दोन उपायांकडे मोहरा वळविला होता. कोल्हापूर दरबाराने सैनिकांच्या झडत्यांऐवजी शहर रिकामे करून लोकांना बाहेर माळावर, शेतावर झोपड्यांतून राहावयास लावण्यावर भर दिला. गोऱ्या सोजिराऐवजी दारात येणारा माणूस गावचा, ओळखीचा, आपल्या भाषेत बोलणारा होता.

यावरून सारे श्रेय राजास देऊन मोकळे होण्याचा मोह होतो. शाहू महाराजांविषयी या जिल्ह्यात जो आदर आहे तो आमच्याही ठायी आहे. पण इतिहास लिहिताना थोडे थांबले पाहिजे. १९०१ च्या खानेसुमारीत कोल्हापूर शहराची वस्ती सुमारे ५४ हजार होती. पुणे, लष्कर धरून, त्याच्या जवळजवळ तिप्पट. कोल्हापूरचा पेठेतील माणूस बहुधा शेतीशी बांधलेला होता. वेशीबाहेर तासाभराच्या चालीवर त्याचे स्वतःचे किंवा भाऊबंदाचे रान होते. सुगीच्या दिवसांत राखणीस रानात राहण्याची त्यास सवय होती. त्यास घर सोडा म्हणणे म्हणजे चार महिने खळ्यावर राहा म्हणणे. पुण्याच्या वाड्यात भाड्याने राहणाऱ्या कारकुनास किंवा विधवा बाईस घर सोडा म्हटले तर तिने जावे कोठे? म्हणजे कोल्हापूरचा मवाळपणा काही अंशी दरबाराचा होता आणि काही अंशी तो त्या भूमीचाच होता.

कोल्हापुरात तरी प्रत्येकाकडे रान कोठे होते? ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही, जो रोजच्या कामावर पोट भरतो, त्यास माळावर झोपडी घालण्याचा हुकूम म्हणजे कामावाचून राहण्याचा हुकूम होता. महारवाडा, मांगवाडा आधीच वेशीबाहेर. त्यांच्यासाठी आणखी बाहेर म्हणजे कोठे, हा प्रश्न छावणीच्या नकाशात मांडला जात नसे. रिकाम्या घरांत चोऱ्या होत. माळावर थंडी, आणि थंडीचे दिवस हेच प्लेगचे दिवस. आजींच्या सासूबाईंची जी हकीकत आम्ही ऐकली तीही रान असलेल्या घरची होती. रान नसलेल्यांच्या घरची हकीकत सांगणारे कोणी आम्हांस भेटले नाही.

आणि आकडे काय सांगतात? १९०१ साली कोल्हापूर संस्थानची लोकसंख्या सुमारे ९ लाख १० हजार होती. १९११ च्या खानेसुमारीत ती साडेआठ लाखांच्याही खाली गेली. दहा वर्षांत वाढ तर नाहीच, उलट इतकी घट. याचा अर्थ शांतपणे समजून घ्यावयास हवा. कोल्हापुरात रँड नव्हता, खून नव्हता, दंगा नव्हता. पण मरण होते आणि तेही पुन्हा पुन्हा, हिवाळ्यामागून हिवाळे. प्लेग एकदा येऊन गेला नाही, तो येत राहिला. साऱ्या हिंदुस्थानात पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत त्याने १ कोटीहून अधिक माणसे नेली. सौम्य कारभाराने माणसाची अब्रू वाचली, घरच्या रुग्णास लपवून ठेवण्याची पाळी कमी झाली. पिसू मात्र सौम्य झाली नाही.

येथे घाटाखालचे उदाहरण विचारात घ्यावयाचे आहे. ज्या दशकात कोल्हापूर आणि सातारा येथील लोकसंख्या घटली, त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची वाढली. हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांस खरे वाटले नाही. मुंबईशी सर्वांत जवळचा संबंध कोकणाचा. गिरणीतील माणूस कोकणचा, आगबोटी रोज जा-ये करीत, प्लेगच्या भीतीने पळालेला चाकरमानी गेला तोही आपल्या गावीच. तर्काने पाहता रत्नागिरीचा सर्वनाश व्हावयास हवा होता. पण तेथे रोग गेला आणि रुजला नाही. तेथील कारभार काही निराळा नव्हता. साताऱ्यावर जे मुंबई सरकार राज्य करीत होते तेच रत्नागिरीवर. मग फरक कशाचा?

आमच्या समजुतीप्रमाणे उत्तर घरांच्या मांडणीत आणि हवेत आहे. देशावरचे गावठाण म्हणजे भिंतीला भिंत लागलेली धाब्याची किंवा खापरी घरे, घरात कणगी, अंगणात धान्याचे पेव, शेजारी गुरे; काळ्या उंदराला यापरते सुख नाही. कोकणातील घर आपल्या आवारात एकटे उभे, वाडीतील दोन घरांत झाडांचे अंतर, आणि साठवण्याजोगे धान्य तरी किती? एका घरचा उंदीर मेला तर दुसऱ्या घरच्या उंदरास त्याची बाधा सहज होत नाही. हवेचाही भाग आहे. पिसवेला फार उष्मा मानवत नाही. मद्रास इलाख्याचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथेही प्लेग फारसा पसरला नाही, आणि हर्स्ट नावाच्या डॉक्टराने पुढे दाखवून दिले की, तिकडच्या उंदरांवरील पिसवेची जातच निराळी, प्लेग पसरविण्यात मंद अशी आहे. एका कीटकाच्या जातीने लाखो माणसे वाचली. कोणत्याही सरकारला याचे श्रेय नाही, आणि साताऱ्याच्या माणसाने काही पाप केले होते असेही नाही. साथीच्या काळात प्रवचनपीठावरून बोलणाऱ्या आम्हां लोकांना हे नीट समजले असते तर दैवी कोपाविषयी आम्ही थोडे कमी बोललो असतो.

राहिली लस. वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत ती तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. त्याच वर्षी पोर्तुगीज अमलातील दमणमध्ये सुमारे दोन हजार लोकांनी ती घेतली आणि घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा पुष्कळच कमी दिसून आले. १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंधेरा या खेड्यात प्रत्येक घरातील काहींना टोचून आणि काहींना न टोचता तिची परीक्षा झाली. त्याच वर्षी आपल्या दक्षिणेस हुबळीत तीस हजारांहून अधिक माणसांनी लस घेतली. पुण्यात सैनिकाला पाहून दार लावून घेणारा माणूस आणि हुबळीत रांगेत उभा राहणारा माणूस यांच्यात धर्माचा, शिक्षणाचा किंवा धैर्याचा मोठा फरक नव्हता. एकाला धरून नेत होते, दुसऱ्याला विचारीत होते. पण १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एका दूषित बाटलीतील लशीने १९ जण धनुर्वाताने दगावले आणि मिळविलेला विश्वास बराचसा गमावला गेला. हाफकिन यांच्यावर दोष आला. तो दूर व्हावयास पाच वर्षे लागली.

या टापूत विश्वासाची दुसरी जागा मिरज ही होती. कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनरी डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उघडले. ते आपल्या पंथाचे नव्हते, पण त्यांच्याविषयी या भागात जे ऐकू येते ते कोणाही पंथाच्या माणसास खाली पाहावयास लावील. कोल्हापूरचा माणूस गाडीत बसून मिरजेस जाई. खेड्यातून बैलगाड्या लागत. त्यांनी देशी मुलांना डॉक्टरी शिकविली आणि ती मुले दूरच्या गावी जाऊन बसली. पुढे सांगली आणि मिरज यांच्या दरम्यान क्षयरोग्यांसाठी जे आरोग्यधाम झाले त्यावरून त्या वस्तीचेच नाव वॉन्लेसवाडी पडले. कोणत्या संस्थानाच्या हद्दीत कोण राहतो, यापेक्षा मिरजेपासून कोण किती कोसांवर राहतो, याला त्या काळी महत्त्व आले.

१९१८ ची मानमोडीची साथ आली तेव्हा माळावरचा उपाय फुकट गेला. ती उंदरांची नव्हती, श्वासाची होती; झोपडीत दाटीने निजणाऱ्यांना तिने झोपडीतच गाठले. तरीही कित्येक गावांतून लोक आधीच्या सवयीने बाहेर पडले असतील, असे आम्हांस वाटते. मागच्या साथीचे शहाणपण माणूस पुढच्या साथीला वापरतो. दुसरे त्याच्यापाशी असते काय?

प्लेग संपला अशी आपली समजूत झाली होती. १९९४ च्या ऑगस्टमध्ये तो बीड जिल्ह्यातील मामला गावात पुन्हा दिसला आणि सप्टेंबरात सुरतेत. आम्ही त्या वेळी पुण्यात सेमिनरीचे विद्यार्थी होतो. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दोन दिवसांत नाहीशा झाल्या. आम्हीही एक पाकीट मिळविले आणि कोणाला न सांगता उशीखाली ठेवले. आदल्या वर्षीच्या किल्लारीच्या भूकंपानंतर पडक्या, सोडून दिलेल्या घरांत धान्य राहिले आणि उंदीर माजले, असे कारण तेव्हा तज्ज्ञांनी सांगितले. घर सोडले की माणूस वाचतो हे खरे. सोडलेल्या घरात मागे काय वाढते हेही पाहावे लागते.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनासाठी महाराष्ट्रात १८९७ चाच कायदा पुन्हा लागू झाला. मे महिन्यात मुंबईहून माणसे गावाकडे परतू लागली. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या वाटेने लोक आले त्याच वाटेने. या वेळी वेशींवर काटेरी झुडपे आणि बांबू टाकले होते. आमच्या ओळखीचे एक कुटुंब, नवरा, बायको, दोन मुली, एका गावाच्या शाळेत ठेवण्यात आले. शाळेला एकच शौचालय आणि पाणी बाहेरच्या टाकीवर. मुलींना रात्री बाहेर जाणे कठीण. नवऱ्याने आम्हांस दूरध्वनी केला. आम्ही त्यास धीर दिला, प्रार्थना करू म्हणालो, आणि गेलो नाही. परवाना नव्हता हे खरे. मागितलाही नव्हता हेही खरे. चौदा दिवस संपल्यावर ते घरी गेले. त्यानंतर ती बाई चर्चमध्ये आली तेव्हा आमच्याशी आदराने बोलली. शाळेचा विषय तिने काढला नाही, आम्हीही काढला नाही. रमाबाईंचे पत्र आम्ही त्यानंतर वर्षभराने वाचले.

कोरोना श्वासाचा रोग. तेथे माळापेक्षा घर बरे, हे आजींना आम्ही त्या दिवशी समजावून सांगितले. त्यांना ते पटले. त्यांनी एवढेच विचारले की, ज्याला एकच खोली आहे त्याने त्या घरात कसे बसावे? मग त्यांनी सासूच्या झोपडीची जागा सांगितली. गावाच्या वर, ओढ्यापलीकडे, चिंचेच्या झाडाजवळ. थंडीचे तीन महिने तेथे काढले, एक मूल तेथे झाले आणि एक तेथेच गेले, असे सासू सांगत असे. परतताना आम्ही मुद्दाम वाट वाकडी करून तेथे गेलो. ओढा आहे. चिंच नाही. माळाचे प्लॉट पडले आहेत, दगड रोवले आहेत, आणि रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसविले आहे. ते त्या दिवशी बंद होते.